मे महिन्यात जमलेला मसाला ब्रेड डिसेंबरात का फसतो?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. तुम्ही नागपूरला राहता. लसूण, मिरची, कोथिंबीर, ओवा आणि चीज घातलेला खारा ब्रेड मे महिन्यात पहिल्याच फटक्यात झकास जमला. आता डिसेंबरात तीच रेसिपी, तोच ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन), आणि तीनदा करून तिन्ही वेळा फसला. पहिल्यांदा सकाळी साडेसहाला मळून दीड तास ठेवला, जेमतेम फुगला, भाजताना एका बाजूला फाटला आणि खाली बोटभर गिच्च थर राहिला. दुसऱ्यांदा यीस्ट दुप्पट घातलं. फुगला खरा, पण यीस्टचा उग्र वास आला आणि दुसऱ्या दिवशी कोरडा पडून चुरा व्हायला लागला. तिसऱ्यांदा पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवलं, दोन तासांनी उघडलं तर गोळा होता तसाच. आणि विचारताय की यीस्ट खराब निघालं की मैदा.

बहुधा दोन्ही नाही. दुसऱ्या खेपेला ब्रेड फुगला म्हणजे यीस्ट जिवंत आहे. शंका असेलच तर अर्धी वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि अर्धा चमचा यीस्ट घालून बघा, दहा-पंधरा मिनिटांत फेस आला की विषय संपला. मैद्यावर तर संशय घ्यायला काही कारणच दिसत नाही. बदललंय ते रेसिपीत कुठे लिहिलेलंच नसतं, ते म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातली हवा. मी नाशिकला चौदा वर्षं घरून ब्रेडच्या ऑर्डरी घेते आणि दर हिवाळ्यात हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. पण तुमच्या बाबतीत थंडीखेरीज आणखी एक भानगड आहे. 'दोन मोठे चमचे कच्च्या लसणाची पेस्ट आणि एक मोठा चमचा ओवा' असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. तिकडे नंतर येते, आधी थंडीचं बघू.

मे महिन्यात नागपूरचं स्वयंपाकघर सहज ३५ अंशांवर असतं. डिसेंबरात सकाळी साडेसहाला तेच १५-१६ वर. यीस्टचा ढोबळ हिशोब असा की साधारण आठ-दहा अंश उतरले की त्याचा वेग निम्म्यावर येतो. वीस अंश उतरले की निम्म्याचा निम्मा, म्हणजे पाव. (हा पाव खायचा नव्हे.) उन्हाळ्यात पाऊण तासात जे झालं त्याला आता तीन तास लागणार, आणि तुम्ही दिलात दीड. रेसिपीत 'एक तास किंवा दुप्पट होईपर्यंत' असं लिहिलेलं असतं. आपण सगळेच त्यातलं 'एक तास' तेवढं वाचतो.

गंमत म्हणजे हे आपल्याला माहीत नाही असं नाही. इडलीचं पीठ आपण हिवाळ्यात लवकर वाटतो, उबेला ठेवतो, आणि सकाळी नाही फुगलं तर मुकाट पोहे करून पीठ संध्याकाळपर्यंत राहू देतो. विरजणाचंही तेच, थंडीत दूध थोडं जास्त गरम ठेवायचं आणि भांडं गव्हाच्या डब्यात खुपसायचं. तिथे कुणी घड्याळ लावून बसत नाही. ब्रेड मात्र फोनवर बघून शिकलो म्हणून फोनवरचा आकडा ब्रह्मवाक्य. त्यातून या रेसिपी बऱ्याचदा अशा देशांतल्या असतात जिथे बाहेर बर्फ पडत असला तरी घरात हीटिंगमुळे २०-२१ अंश असतात. म्हणजे त्यांचा हिवाळा आपल्या स्वयंपाकघरापेक्षा उबदार. आपल्याकडे फरशी गार, ओटा गार, परात गार, आणि डब्यातला मैदाही गार.

आता काही गोष्टी मला इथे बसून सांगता येणार नाहीत. तुमचं घर तळमजल्यावर आहे की वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघराला ऊन कुठल्या बाजूने येतं, रात्री खिडकी उघडी असते का, यावर चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून मी देते ते तास तुमच्याकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. एक साधं थर्मामीटर ओट्यावर ठेवा आणि दोन दिवस सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री दहाचे आकडे लिहून काढा. नवीन ओव्हन घेण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

हे आकडे लिहिलेत की एक गोष्ट लगेच कळेल. आपली थंडी रात्रीची आणि सकाळची असते. विदर्भात काय आणि इकडे नाशिक-निफाडकडे काय, पहाटे कुडकुडायला लावणारी हवा दुपारी २७-२८ पर्यंत चढते. तुम्ही नेमकी दिवसातली सगळ्यात वाईट वेळ निवडलीत. तोच गोळा अकराला मळला असता तर कदाचित हा प्रश्न विचारायची वेळच आली नसती. सुट्टीच्या दिवशी करणार असाल तर सगळ्यात सोपा आणि फुकटचा उपाय हाच.

तुमचे तिन्ही प्रयत्न का फसले तेही सांगते, कारण तिघांची कारणं वेगळी आहेत.

पहिला ब्रेड कच्चा फुगलेला होता. असा गोळा ओव्हनमध्ये गेला की आतल्या यीस्टला एकदम ऊब मिळते आणि मरण्यापूर्वी ते जोरात गॅस सोडतं. पण तोवर वरचं कवच धरलेलं असतं, मग गॅस जिथे जागा सापडेल तिथून फोडून बाहेर येतो. बाजूची ती फाट म्हणजे हेच. खालच्या भागात मुळात बुडबुडेच कमी, म्हणून तो गिच्च राहिला. तुम्हाला वाटलं भाजायला कमी पडला, आणखी दहा मिनिटं ठेवायला हवा होता. दहा मिनिटांनी वरचा भाग काळा पडला असता, खालचा थर तसाच राहिला असता.

दुसऱ्यांदा यीस्ट दुप्पट केलंत. म्हणजे कामाला माणसं दुप्पट लावली, पण सगळी गारठलेली. काम होतं, पण ब्रेडची चव निव्वळ फुगण्यातून येत नाही. पीठ भिजून पडलेलं असतं तेव्हा त्यातल्या स्टार्चचं थोडं थोडं साखरेत रूपांतर होतं, थोडं आम्ल तयार होतं, चिवटपणा येतो. या सगळ्याला वेळ लागतो आणि तो यीस्ट वाढवून विकत मिळत नाही. शिवाय जास्तीच्या यीस्टचा वास उरतोच, तो तुम्हाला आलाच आहे.

तिसऱ्या प्रयत्नातली गोधडी. गोधडी ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवते. गार पाण्याने, गार मैद्यात, ग्रॅनाइटच्या गार ओट्यावर मळलेला गोळा तुम्ही गुंडाळून ठेवलात, म्हणजे थंडावा जपून ठेवलात. बर्फवाला लादी गोणपाटात कशाला गुंडाळतो? तेच. गोळा आतून उबदार असेल तर मात्र गोधडीइतकं चांगलं काही नाही.

मग गोळा आतून उबदार कसा करायचा? मैदा गरम करता येत नाही, खोली करता येत नाही. हातात राहतं ते पाणी. बेकरीवाले एक हिशोब वापरतात तो घरीही चालतो. मळून झालेला गोळा २६ अंशांवर हवा असं धरा. २६ ची तिप्पट ७८. त्यातून खोलीचं आणि मैद्याचं तापमान वजा करा. दोन्ही १७ असतील तर ७८ वजा ३४ म्हणजे ४४. हाताने मळताना घर्षणाने एखादा अंश वाढतो, तो सोडून दिला तर पाणी साधारण ४३-४४ चं हवं. थर्मामीटर नसेल तर एक वाटी उकळतं पाणी आणि दोन वाट्या नळाचं गार पाणी एकत्र करा, हिवाळ्यात ते बरोबर याच घरात येतं. हाताला अंघोळीच्या कडक पाण्यासारखं लागेल, पण चटका बसणार नाही. दुपारी खोली २६ ला असेल तर हाच हिशोब तुम्हाला २६ चं पाणी घ्या म्हणून सांगेल, तेव्हा नळाचं पाणी किंचित कोमट केलं की पुरे. आणि मे महिन्यात तो चक्क फ्रीजमधलं पाणी घ्यायला लावतो.

याचा आणखी एक फायदा आहे. तुम्ही इन्स्टंट यीस्ट वापरता. ते थेट गार पाण्यात पडलं तर त्याच्या पेशींतून एक पदार्थ झिरपतो आणि तो मैद्याचा चिवटपणा कमी करतो. गोळा नुसता हळू फुगत नाही, सैल आणि चिकटही होतो. म्हणून थंडीत इन्स्टंट यीस्ट आधी मैद्यात मिसळायचं आणि मग उबदार पाणी घालायचं. दाणेदार अ‍ॅक्टिव्ह ड्राय असेल तर ते आधी कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवायचं. पाणी ६० च्या घरात गेलं तर मात्र दोन्ही मेलीच.

ज्या भांड्यात मळाल ते आधी गरम पाण्याने विसळा. स्टीलची परात थंडीत गोळ्यातली ऊब कशी शोषून घेते हे एकदा हात लावून बघा. मी हिवाळ्यात ओट्यावर थेट मळत नाही, लाकडी पोळपाटावर किंवा जुन्या प्लास्टिकच्या घमेल्यात मळते.

ठेवायचं कुठे? ओटीजी बंद ठेवून आत उकळत्या पाण्याचा वाडगा आणि शेजारी गोळ्याचं झाकलेलं भांडं, ही माझी कायमची जागा. पाणी दर पाऊण तासाने बदलायचं. मायक्रोवेव्ह असेल तर त्यातही हेच करता येतं, फक्त कुणी चुकून बटण दाबणार नाही म्हणून दाराला चिठ्ठी लावा. थर्माकोलच्या खोक्यात गरम पाण्याची बाटली, हेही उत्तम. चालू गॅसजवळ, गीझरवर, गरम तव्यावर ठेवायच्या भानगडीत पडू नका. माझ्या पहिल्या हिवाळ्यात एका वाढदिवसाची चाळीस मसाला बनची ऑर्डर होती. पीठ हलेना म्हणून मी पातेलं नुकत्याच बंद केलेल्या तव्यावर ठेवलं आणि वर झाकण घालून चहा घेत बसले. वीस मिनिटांनी वरचं पीठ गार, आणि तळाला तीन बोटं शिजून घट्ट झालेली खळ. ती खरवडून काढताना रडायचीच बाकी होते. शेवटी मुलाच्या आईला फोन करून खरं सांगितलं आणि बाजारातून पाव आणून दिले. तेव्हापासून गोळ्याला खालून उष्णता द्यायची नाही, भोवतीची हवा उबदार करायची, हे डोक्यात पक्कं बसलं.

आता लसणाकडे. गोड ब्रेडपेक्षा खारा ब्रेड थंडीत जास्त का रुसतो, याचं कारण त्यातल्या मसाल्यात आहे. लसूण ठेचला की जो झणझणीत वास सुटतो तो अ‍ॅलिसिनचा. ते जंतूंना मारक असतं, आणि यीस्ट ही शेवटी बुरशीच्याच कुळातली. शिवाय कच्चा लसूण मैद्याची गॅस धरून ठेवणारी चिवट जाळीही सैल करतो. ओव्यात थायमॉल असतं, तेही त्याच कामाचं, म्हणून तर ते माउथवॉशमध्ये घालतात. त्यावर मीठ आणि चीजमधलं आणखी मीठ, तेही यीस्टचा वेग कमी करतं. मे महिन्यात ३५ अंशांवर यीस्ट इतकं उधळलेलं असतं की या सगळ्यांना पुरून उरतं. थंडीत आधीच पाव वेगाने काम चाललेलं, त्यात हे तीन ब्रेक एकदम लागले. अर्धा किलो पिठाला दोन मोठे चमचे कच्ची पेस्ट हे फार आहे हो.

लसूण सोडायचा नाही, तो शिजवून घालायचा. मी बारा-पंधरा पाकळ्या अख्ख्याच तेलात मंद आचेवर सोनेरी करते, मग कुस्करते, आणि तेच गार झालेलं तेल पिठात वापरते. अख्खी पाकळी शिजली की तिच्यातला तो झणझणीतपणा तयारच होत नाही, चव मात्र गोडसर आणि खोल येते. हिवाळ्यात ओल्या लसणाची पात मिळते तीही परतून छान लागते. कच्च्या लसणाचा ठसका हवाच असेल तर ठेचून लोण्यात मिसळा आणि ब्रेड बाहेर काढल्या काढल्या वरून फासा. ओवा अर्धा छोटा चमचा आत, बाकीचा वर भुरभुरायचा. वरचा ओवा यीस्टला काही करत नाही आणि भाजताना घरभर वास तोच सोडतो.

कोथिंबीर आणि मेथीचं दुखणं वेगळं, त्यांच्यात पाणी असतं. धुऊन, फडक्यावर पसरून, पूर्ण कोरडी करून मगच चिरा. मेथी तर मी तेलावर परतून पाणी आटवूनच घालते. ओली भाजी घातली की गोळा चिकट होतो, मग आपण वरून मैदा भुरभुरत जातो आणि ब्रेड पुन्हा दडस. कांद्याचंही तेच. चीज किसून न घालता बोराएवढे तुकडे करून घाला, म्हणजे ते पिठात विरघळून जात नाही, जागोजागी वितळून खळगे पडतात.

माझं हिवाळी प्रमाण सांगते. मैदा ४०० ग्रॅम, गव्हाचं पीठ १०० ग्रॅम, पाणी ३२० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम म्हणजे सव्वा छोटा चमचा, साखर १० ग्रॅम, लसणाचं तेल २५ ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम. चीज घालणार असाल तर मीठ ८ ग्रॅम. चक्कीचं पीठ मैद्यापेक्षा जास्त पाणी पितं, म्हणून ते वाढवलंत तर पाणीही वाढवावं लागेल, किती ते पीठ बघूनच ठरवा. सगळं पीठ गव्हाचं घालायचा मोह थंडीत तरी टाळा, कोंडा ती जाळी कापत राहतो आणि फुगवटा आणखी कमी होतो. पंधरा मिनिटं मळा. लसूण तेलाबरोबर जाऊ दे, पण भाजी, मिरची आणि चीज शेवटच्या दोन मिनिटांत.

एवढ्या प्रमाणात, गोळा २६ अंशांवर राहिला तर सव्वा तासात दुप्पट होतो. २० वर दोन-अडीच तास. १६-१७ वर तीन-चार. पण मघाशी म्हटलं तसं, माझे तास तुमच्या घरात चालतीलच असं नाही, म्हणून बघायचं कसं ते सांगते. मळून झाल्यावर लिंबाएवढा गोळा तोडून सरळ बाजूंच्या काचेच्या ग्लासात दाबून बसवा आणि त्याच्या उंचीवर रबरबँड लावा. ग्लास मोठ्या भांड्याशेजारी ठेवा. परातीत गोळा पसरतो, त्यामुळे दुप्पट झाला की दीडपट हे डोळ्यांना कळत नाही, ग्लासात लगेच कळतं. रबरबँडच्या दुप्पट उंची आली की आकार द्यायचा.

साच्यात घातल्यावर पुन्हा एकदा फुगू द्यायचं, आणि लोक इथेच घाई करतात. बोट पिठात बुडवून हलकेच दाबा. खळगा लगेच भरून आला तर अजून थांबा. सावकाश आणि अर्धवटच भरला तर ओटीजी तापवायला घ्या. भरलाच नाही तर उशीर झालाय, ताबडतोब आत घाला आणि पुढच्या वेळी लक्ष ठेवा.

भाजण्यात फार काही सांगण्यासारखं नाही. २०० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. ओटीजी थंडीत तापायला वेळ घेतो आणि त्याचा काटा सहसा खरं बोलत नाही, तेव्हा वीस मिनिटं तरी आधी लावा. साचा खालच्या कप्प्यात ठेवा, वरच्या सळ्या जवळ असल्या की चीज आणि लसूण करपतात. वर रंग आला की फॉइल झाका. काढल्यावर उलटा करून तळाला टिचकी मारा, पोकळ आवाज आला पाहिजे. मग तासभर जाळीवर, आणि तोवर सुरी लपवून ठेवा. गरम कापलेला मसाला ब्रेड आतून गिच्चच वाटतो, मग पुन्हा प्रश्न पडतो की कच्चा राहिला का.

हे झालं ऊब देऊन करायचं. पण मला स्वतःला हिवाळ्यात दुसरी पद्धत जास्त आवडते, थंडीशी भांडायचंच नाही. यीस्ट फक्त अर्धा छोटा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम, पाणी किंचित कोमट, बाकी सगळं तेच. रात्री दहाला मळा, झाकून ओट्यावर ठेवा आणि झोपा. खोली १५-१६ ला असेल तर सकाळी आठ-नऊपर्यंत गोळा दुप्पट झालेला असतो. रात्रभर पडून राहिल्याने चवीला जी खोली येते ती सव्वा तासाच्या ब्रेडला कधी येत नाही, आणि तो टिकतोही जास्त. मग आकार देऊन उकळत्या पाण्याच्या वाडग्याशेजारी दीड-दोन तास, आणि अकरा-साडेअकराला भाजायला. रात्री पीठ लावून ठेवायचं हे काही मी शोधलेलं नाही. गोव्यातले पदेर, म्हणजे पाव भाजणारे, पूर्वी ताडामाडाच्या सुरेवर पीठ आंबवत आणि पहाटे भट्टी लावत. त्यांच्याकडे थंडी नव्हती, धीर होता. ही पद्धत नागपुरात मे महिन्यात मात्र करू नका, सकाळी पीठ भांड्याबाहेर सापडेल.

उरलेला ब्रेड फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथल्या तापमानाला तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा पडतो. थंडीत डब्यात बाहेर दोन-तीन दिवस छान राहतो. त्याहून जास्त ठेवायचा तर काप करून फ्रीझरमध्ये.

तुम्ही शेवटी विचारलंय की सासरे सकाळी आठला चहाबरोबर गरम मागतात, म्हणून तुम्ही साडेसहाला मळत होतात, तर ते आता कसं जमवायचं. साडेसहाला मळून आठला ब्रेड मे महिन्यातही जेमतेमच जमला असेल. आणि अख्खा ब्रेड गरम कापता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी पावाची लादी करा. संध्याकाळी पाचला वरच्या प्रमाणात, पण यीस्ट एक छोटा चमचा घालून मळा. तेव्हा खोली २३-२४ ला असते, सातच्या सुमारास गोळा दुप्पट होईल. त्याचे बारा गोळे करून तेल लावलेल्या साच्यात एकमेकांना जेमतेम चिकटतील असे बसवा, वर फॉइल घट्ट लावा आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवा. ओट्यावर ठेवू नका, एवढ्या यीस्टला रात्रभर १५ अंश म्हणजे जास्तच होतात, सकाळी खचलेले मिळतील. सहाला उठून साचा ओटीजीत उकळत्या पाण्याच्या वाडग्याशेजारी पाऊण ते एक तास ठेवा. मग बाहेर काढून झाकून ठेवा, ओटीजी तापवा, वरून दुधाचा हात आणि ओवा, आणि १८ ते २० मिनिटं भाजा. बाहेर आल्यावर लसणाचं लोणी फासा. लादीला तासभर थांबावं लागत नाही, दहा मिनिटांनी हातानेच तोडायची असते, आणि तोवर चहा उकळलेला असतो.